सुटली का, आश्रुबा?

माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील, आश्रुबा, अफू खायचे. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकते, कारण आमच्या नात्यातली माणसं हा विषय निघाला की घसा खाकरतात आणि 'त्यांना जरा औषधाची सवय होती' असं काहीतरी पुटपुटतात. औषध कसलं? अफूच होती. बीडला गुत्तेदाराच्या, म्हणजे सरकारी मक्ता घेतलेल्या माणसाच्या, दुकानात राजरोस मिळायची, निजाम सरकारची तिला परवानगी होती, आणि आजोबा, म्हणजे आमचे तात्या, त्या दुकानाचे जुने, नेमाचे गिऱ्हाईक होते.

पण त्यांनी ती चैनीखातर धरली नव्हती. तात्या सरकारी डाकेचे हरकारे होते. तेव्हा बीडहून नेकनूरला टपाल जायचं ते माणसाच्या पायांवर. खांद्यावर थैली, हातात घुंगरं बांधलेली काठी, आणि पळायचं. ऊन असो, चिखल असो, अंगात ताप असो, थैली पोचली पाहिजे. नोकरीच्या पहिल्याच उन्हाळ्यात त्यांचे पाय सुजून हंड्यासारखे झाले. बरोबरच्या एका जुन्या हरकाऱ्यानं चंचीतून काळी गोळी काढून दिली आणि म्हणाला, "घे बे. पाय आपले न्हाईतच असं वाटंल." तसं वाटलंही. मग ते रोजच तसं वाटून घ्यायला लागले.

पुढं नोकरी गेली, अफू राहिली. पळायच्या दिवसांत जे दुखणं दाबून ठेवलं होतं ते म्हातारपणी गुडघ्यांत येऊन बसलं. आजी मुक्ताबाई वारली. एकुलती एक लेक शिवकन्या, म्हणजे माझी आई, नेकनूरला दिलेली. तात्या बीडमध्ये एका खोलीत एकटे. शेजारी छबुबाई कासारीण होती, बांगड्या भरणारी. ती दुपारी भाकरी आणून द्यायची आणि सोबत फुकटचा उपदेशही. तात्या भाकरी खायचे आणि तिची पाठ वळली की भिंतीकडं तोंड करून गोळी तोंडात टाकायचे. जन्मात कधी कुणासमोर त्यांनी अफू खाल्ली नाही. साऱ्या पेठेला ठाऊक होतं, तरी भिंतीकडं तोंड करायचंच.

एका दिवाळीला आई माहेरी आली. दारातच तिला जळका वास आला. चुलीवरचं कालवण करपून कोळसा झालेलं, तात्यांच्या धोतराचा सोगा चुलीतल्या लाकडाला लागून धुमसत होता, आणि तात्या भिंतीला टेकून डुलत होते. आईनं घागरभर पाणी त्यांच्यावर ओतलं. मग ती जी भांडली! तिची आधीची दोन लेकरं जन्मतःच गेली होती, आई गेली होती, आणि आता उरलेला हा एक बाप चुलीत जाऊन बसला होता. तात्या नेहमीसारखे म्हणाले, "उद्यापून सोडतो." तेव्हा आईनं स्वतःच्या गळ्याला हात लावला.

"माज्या गळ्याची आण हाय तुमाला, तात्या. पुन्यांदा अफूला शिवाल तर बगा."

आता ही आण म्हणजे काय ते सांगायला हवं. आमच्याकडं गळ्याची आण मोडली तर मोडणाऱ्याच्या केसालाही धक्का लागत नाही. जिच्या गळ्याची घातली, ती मरते. आणि आण उतरवायची वाट एकच. जिनं घातली तिनंच आपल्या तोंडानं 'सुटली' म्हणायचं. दुसऱ्या कुणी म्हणून भागत नाही. लहानपणी आम्हीही खेळता खेळता गळ्याची शपथ घालायचो आणि घरी जायच्या आधी 'सुटली म्हण गं, सुटली म्हण' करत एकमेकींच्या मागं लागायचो. तात्यांची साठी उलटली होती आणि या बाबतीत त्यांची अक्कल आमच्याएवढीच होती.

दुसऱ्या दिवशी माझे वडील रामकिसन बैलगाडी घेऊन आले आणि आईला घेऊन गेले. त्या दिवसापासून तात्यांनी अफू सोडली. एकदम सोडली. लोक म्हणतात, मनाचा निश्चय पाहिजे. अहो, निश्चय भरपूर होता. पण नाकाडोळ्यांना धारा लागल्या, जांभयांनी जबडा दुखायला लागला, पोट पाण्यासारखं वाहू लागलं आणि पायाची हाडं आतून कुणीतरी पिळतंय असं झालं. छबुबाईला ते जमिनीवर पडलेले सापडले. ओठ सुकून त्यांना भेगा पडल्या होत्या. तिनं पेज पाजली, ती उलटली. त्या अवस्थेत ते गुत्तेदाराच्या दुकानापर्यंत कसे गेले हे त्यांनाही पुढं सांगता आलं नाही. पण गेले. गोळी पोटात गेली, अंग शांत झालं, आणि मग छबुबाईनं पाहिलं तर म्हातारा उकिडवा बसून आपल्याच तोंडात मारून घेत होता.

संक्रांतीच्या सुमाराला नेकनूरहून निरोप आला, शिवकन्येला दिवस गेलेत.

दुसरा कुणी असता तर त्यानं पेठेत गूळ वाटला असता. तात्यांनी दार लावून घेतलं. दोन लेकरं गेलेली बाई, पुन्हा पोटुशी, आणि तिच्या गळ्यावर बापानं मोडलेली आण लटकलेली! त्यांनी पुन्हा सोडली, पुन्हा पडले, पुन्हा खाल्ली. असं किती वेळा झालं ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मी कधी विचारलं नाही. प्रत्येक वेळी सोडताना जीव जायला आला आणि प्रत्येक वेळी खाताना लेकीचा जीव घेतोय असं वाटलं. हा वनवास त्यांनी एकट्यानं भोगला. 

शेवटी छबुबाईनं त्यांना दंडाला धरून हकीम हबीबसाहेबांकडं नेलं. हकीमसाहेब अंगानं चांगले भरदार होते. नाडी बघताना डोळे मिटायचे आणि कधीकधी खरंच घोरायचे, असं लोक म्हणत. पण तात्यांची नाडी धरल्यावर ते चांगले जागे झाले.

"ह्यांना एकदम सोडायला कुणी सांगितलं?" ते छबुबाईवरच ओरडले. "तरण्याला झटका बसला तर तो उठून हुबा राहतो. ह्या वयाचा माणूस वाळून जातो बाई, पडला तर उठत न्हाई."

मग तात्यांकडं वळून त्यांनी विचारलं, "आश्रुबा, ही धरली कशापायी?"

"पायांपायी."

"मग पायांचं काय केलं आजवर?"

तात्यांना अफू सोड म्हणणारे शंभर भेटले होते, पाय कसे आहेत हे कुणी विचारलं नव्हतं. हकीमसाहेबांनी गुडघ्यांना निरगुडीचं तेल दिलं. अफू सुटताना पोट वाहतं आणि चालू असते तेव्हा आवळतं, म्हणून दोन्हींचं वेगवेगळं औषध दिलं. रोज मऊ भात, दूध, तूप खायला सांगितलं. एकटं राहायचं नाही असंही बजावलं. आणि स्वतः वळलेल्या बारीक गोळ्या पुडीत बांधून दिल्या. त्यांत अफू होतीच, पण नेहमीपेक्षा थोडी कमी. दर बाजाराला आणखी थोडी कमी करत न्यायची. "जिन्यावरून उतरतो तसं उतरायचं," ते म्हणाले. "उडी न्हाई मारायची."

इतका शहाणा उपाय, आणि आमच्या तात्यांनी ती पुडी फडताळात ठेवून दिली. एकही गोळी घेतली नाही. त्यांचं म्हणणं असं की तलफ अनावर होऊन चोरून खाल्ली तर ती चूक, पण रोज सकाळी ठरवून, पाण्याबरोबर खाल्ली तर ती आण जाणूनबुजून मोडणं. हे तर्कशास्त्र त्यांना कुठल्या शाळेत शिकवलं देव जाणे. पण ते त्यावर ठाम होते. दुकानाची काळी गोळी चालू, हकीमाची औषधी गोळी बंद!

पुढच्या बाजारी हकीमसाहेबांनी लांबूनच विचारलं, "काय आश्रुबा, सुटली का?"

"न्हाई."

"गोळ्या घेतल्या?"

"न्हाई."

"कावून?"

"सुटली न्हाई म्हणून."

"अहो, गोळ्या घेतल्या म्हंजी सुटंल ना!"

"गोळ्यानं कशी सुटंल? ती म्हणलीच न्हाई अजून."

हकीमसाहेबांनी डोळे बारीक केले. "कोण म्हणली न्हाई? अफू?"

"जिनं घातली ती."

"काय घातलं? खाण्यात काय घातलं का कुणी?"

छबुबाईच्या डोक्यात तेव्हा लख्ख उजेड पडला.  "अगं आई गं! लेकीनं आण घातली का काय तुमाला, आश्रुभाऊ?"

मग सगळं बाहेर आलं. हकीमसाहेब 'सुटली का' म्हणत होते ते अफूविषयी, आणि तात्या उत्तर देत होते ते आणेविषयी. छबुबाईला हसू आवरेना. हकीमसाहेब मात्र हसले नाहीत. "आमच्यातबी कसम असती, बाई," ते म्हणाले. "चला आश्रुबा, नेकनूरला. तिलाच म्हणायला लावू."

"तिला काय सांगू? पोटुशी हाय ती. तुजा बाप तुज्या गळ्यावर सुरी फिरवतोय म्हणून?"

"आन् न सांगता फिरवताय, त्याचं काय?"



नेकनूरच्या बाजाराच्या दिवशी हकीमसाहेबांच्या छकड्यातून तिघं निघाले. छबुबाईनं बांगड्यांची पेटी घेतली होती, बाजाराला जाऊन मोकळ्या हातानं ती यायची नाही. ज्या वाटेवर तात्या जन्मभर पळाले तिथं ते पहिल्यांदाच बसून चालले होते, आणि सारी वाट छकडा हिसके देतो म्हणून कुरकुरत होते. नेकनूरची वेस दिसली तशी कुरकुर बंद झाली. छबुबाई सांगायची की वेशीपासून घरापर्यंत त्यांच्या दातांचा आवाज तिला ऐकू येत होता.

आई दारात ज्वारी पाखडत बसली होती, चांगली दिवस भरत आलेली. आजी साखराबाई, म्हणजे तिची सासू, आत होती. वडील बैलांना पाणी दाखवत होते. बापाला बघून आई उठायला लागली तर तात्याच पायरीवर बसले आणि पाय दुमडत नसतानाही खाली वाकले.

"शिवकन्ये, मी खाल्ली गं. आण मोडली. लई बार मोडली."

आईनं सूप खाली ठेवलं. "ती तर कवाच सुटली की, तात्या."

"काय?"

"त्याच दिशी. गाडी गल्लीतनं भाहीर पडली, मी मागं वळून बघितलं तर तुमी दारात हुबे, जांभयांवर जांभया देत होता. माज्या मनात आलं, ह्यान्ला न्हाईच जमलं तर? जमलं न्हाई तर ह्यो माणूस अफूनं न्हाई, जिवाला लावून घेऊनच मरंल. मी तितंच म्हणलं, सुटली, सुटली, सुटली."

"मनात म्हणलीस?"

"मोठ्यांदा म्हणलं. ह्यान्ला इचारा."

माझे वडील बैलांपाशी उभे राहून ऐकत होते. ते एकदम म्हणाले, "आत्ता ध्यानात आलं! मामा, म्या गाडी थांबवलीती. ही 'सुटली, सुटली' वरडली, मला वाटलं जुपणीच सुटली. खाली उतरून दोनी बैलांच्या जुपण्या बघितल्या. चांगल्या घट होत्या. म्हणलं, बाई येडी झाली का काय!"

जुपणी म्हणजे बैलाची मान जुवाला बांधायचा पट्टा. त्या पट्ट्याची साक्ष निघाली म्हणून तात्यांचा विश्वास बसला. नाहीतर लेक आपल्या समाधानासाठी खोटं बोलते असंच त्यांनी धरलं असतं.

तुम्हाला वाटेल आता ते आनंदानं रडले. तसं नाही. आधी ते भडकले. "आन् मला कावून न्हाई सांगितलं? मी तिकडं मरत हुतो! रोज तुजं मढं डोळ्याम्होरं यायचं माज्या!"

"सांगितलं असतं तर एक दिस तरी सोडली असती का तुमी?"

तात्या खरं तेच बोलले. "न्हाई."

"मग?" आई म्हणाली. तिला वाटलं होतं, बाप आणेच्या धाकानं दोनचार दिवस तरी नीट राहील. धाकानं त्याचं हे असं होईल हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

"पुन्यांदा म्हण," तात्या म्हणाले. "माज्या म्होरं म्हण."

आई त्यांच्याजवळ पायरीवर टेकली आणि साऱ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "सुटली!" मग तात्या रडले. पोरासारखे, नाक गळेपर्यंत रडले. साखराबाई काय झालं म्हणून बाहेर आली आणि छबुबाईचं तोंड बघून तीही पदर डोळ्यांना लावून बसली. काय झालंय हे तिला नंतर कळलं.

हकीमसाहेब इतका वेळ छकड्याच्या सावलीत अंग राखून उभे होते. त्यांनी बरोबर आणलेली पुडी पुढं केली. तात्यांनी गोळी घेतली आणि सवयीनं भिंतीकडं वळले.

"तोंड कावून फिरवता?" आई म्हणाली. "हितं माज्याकडं बगून खावा. औषध हाय ते." तिनं पाण्याचा तांब्या पुढं धरला. त्यांनी तिच्याकडं बघत गोळी गिळली.

राहायचा प्रश्न होताच. लेकीला जगतं मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणीही बाप पीत नाही अशी रीत, आणि तात्या तर तांब्याभर पिऊन बसले होते. साखराबाईनं तोडगा काढला. "पाव्हणा म्हणून ऱ्हाऊ नका, इवाई. आजारी म्हणून ऱ्हावा." गोठ्याशेजारची खोली सारवून दिली. तिथं रोज सकाळी आई त्यांना गोळी द्यायची, वडील गुडघ्यांना तेल चोळायचे, आणि साखराबाई मऊ भातावर तूप वाढून 'एवढ्या तुपात माजं लेकरू पैलवान झालं असतं' असं ऐकवायची. तुपाची वाटी मात्र रोज भरलेली असायची.

हकीमसाहेब बाजाराच्या दिवशी येऊन बघून जायचे. गोळी लहान होत गेली. मध्येच एकदा तात्यांची झोप उडाली, चालताना तोल जायला लागला, तेव्हा त्यांनी ती पुन्हा थोडी मोठी केली. तात्यांना फार वाईट वाटलं. "मागं आलो की वो, साहेब."

"आलो तर आलो," हकीमसाहेब म्हणाले. "घाई कुणाला हाय? आता टपाल न्हाई न्यायचं तुमाला."

श्रावणात मी झाले. आईच्या गळ्याला काहीही झालं नाही. उलट मी आल्यापासून तो गळा माझ्यावर ओरडण्यात इतका वापरला गेला की नेकनूरच्या वेशीपर्यंत ऐकू जायचा.

दिवाळीच्या आसपास गोळी मुगाच्या डाळीपेक्षाही बारीक झाली, आणि तिथं हकीमसाहेब थांबले. "एवढी ऱ्हाऊ द्या," म्हणाले.

आईचा चेहरा उतरला. "मग सुटली न्हाई म्हणायची?"

"बाई, गुडघे तर तेच हायेत ना? एवढीवर तुमचे तात्या चालतेत, जेवतेत, शुद्धीवर हायेत, चारचौघांत बसतेत. ह्या वयात मी ह्याला बरं झालं म्हणतो. अजून खाली ओढलं तर पुन्हा त्या दुकानात जातील." आईला ते पटायला वेळ लागला. तात्यांना लगेच पटलं, यात काही नवल नाही. पण इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांना काही लपवावं लागत नव्हतं, आणि त्यानं त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

मग ज्वारी काढणीला आली. घरातल्या सगळ्यांनी रानात जायचं, आणि मी अंगावर पिणारी. तेव्हा गावात सगळ्याच घरी एकच रीत होती. बाळाच्या ओठाला बाळगोळी लावायची. बाळगोळीत काय असतं ते सगळ्यांना ठाऊक होतं, नाव तेवढं गोड. मोहरीएवढी अफू. लेकरू दिवसभर गुंगून पडतं, आया निवांत कापणी करतात. साखराबाईनंही आपल्या लेकरांना दिली होती, माझ्या वडिलांनाही. तिचं काही वाईट मनात नव्हतं. तिनं गोळी उगाळून बोटावर घेतली आणि बोट माझ्या तोंडाकडं नेलं.

तात्या कुडाला टेकून बसले होते. ते काठी टाकून उठले. न टेकता उठले, हे आई शेवटपर्यंत सांगायची.

"इहीनबाई, हात मागं घ्या. ह्या घरात अफू खाणारा एक माणूस हाय, तेवढा बास झाला. मी सांभाळतो तिला."

"दिसभर? तुमच्या गुडघ्यानं?"

"माज्या गुडघ्यानं."

साखराबाईनं बोट पदराला पुसलं. तात्यांनी मला खांद्यावर घेतलं आणि अंगणात येरझाऱ्या घालायला लागले, प्रत्येक फेरीला गुडघ्यांना शिव्या देत. बाकीच्या घरांतली लेकरं झोळीत गपगार पडलेली, आणि मी सगळी आळी डोक्यावर घेतलेली. उन्हं कलताना आई रानातून धावत आली. माझं बोंबलणं तिला बांधावरूनच ऐकू आलं होतं. ती म्हणाली, "तात्या, आवो किती रडतीया ती!"

तात्यांच्या तोंडावर घाम होता आणि ते हसत होते.

"रडू दे," ते म्हणाले. "जागी हाय."